नाव कारखान्याचे, हात मिस्त्रीचे

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, लेण्याद्री आठवते, नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख आठवतो. आंबेगाव म्हटले की भीमाशंकरचे रान, डिंभे धरण आणि त्या धरणाच्या पाण्याखाली गेलेले मूळ आंबेगाव गाव डोळ्यांपुढे येते. या दोन्ही तालुक्यांतील किल्ल्यांवर, लेण्यांवर आणि घाटवाटांवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु विसाव्या शतकात इथला सामान्य माणूस वाडीवरून शाळेत, शेतातून बाजारात आणि मोहल्ल्यातून कचेरीत ज्या वाहनावर बसून गेला, त्या सायकलीविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. ती सायकल चालती ठेवणारा मिस्त्री तर इतिहासाच्या पानावर येतच नाही.

अलीकडे जुन्या इंग्रजी सायकलींना पुन्हा मोल आले आहे. अडगळीत पडलेली रॅले, हंबर किंवा बी.एस.ए. शोधून काढायची आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची, असा छंद अनेकांना लागला आहे. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी अशा जुन्या सायकली जमवून, त्यांची निगा करून २०१७ साली त्यांचे संग्रहालय सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बी.एस.ए. सायकल तिथे पाहायला मिळते. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. पण जुनी सायकल पुन्हा उभी करायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. फक्त कारखान्याचे नाव जपायचे, की ज्या हातांनी ती साठ-सत्तर वर्षे चालवून दाखवली त्या हातांची खूणही जपायची? तीन गिअरच्या इंग्रजी सायकलीच्या निमित्ताने याच प्रश्नाचा विचार इथे करायचा आहे.

रेल्वे न आलेला मुलूख

जुन्नर हे फार जुन्या काळापासून रस्त्यावरचे गाव. कोकणातल्या बंदरांतून नाणेघाट चढून येणारा माल जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे लोक सांगतात. बैलांचे तांडे आणि घोडी या वाटेने शतकानुशतके चालली.

मग रेल्वे आली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून गाडी वर चढली. एक वाट पुण्याकडे गेली, दुसरी नाशिककडे. या दोन वाटांच्या मधला जुन्नर-आंबेगावचा मुलूख मात्र बाजूला पडला. आजही या दोन तालुक्यांत रेल्वेचे स्थानक नाही. राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव अशी जाणारी पुणे-नाशिक सडक हाच इथला मुख्य आधार राहिला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे एस.टी.चे जाळे तालुक्या-तालुक्यांत पसरले. पण एस.टी. माणसाला फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव आणि गावापासून वस्ती हे अंतर ज्याचे त्याने तोडायचे. मंचरहून घोडेगाव किंवा नारायणगावहून जुन्नर हे अंतर साधारण चौदा-पंधरा किलोमीटरचे. पायी जाऊन यायचे तर दिवस मोडतो. सायकलीवर गेले तर तासाभराचे काम. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, टपालाची थैली, शाळामास्तरांची वह्यांची पिशवी, कापडाचे गठ्ठे हे सारे या अंतरावर सायकलीनेच वाहिले. रेल्वेने जे दिले नाही ते या भागाला काही अंशी सायकलीने दिले.

इंग्लंडची काळी गाडी

ही सायकल आली इंग्लंडहून. नॉटिंगहॅम शहरातल्या रॅले नावाच्या गल्लीतील एक छोटा कारखाना फ्रँक बाऊडेन यांनी घेतला आणि १८८८ साली त्याची रॅले कंपनी झाली. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि आसपास असे कितीतरी कारखाने होते. इंग्रजी न येणारा माणूसही या गाड्या खुणांवरून ओळखू शकतो. रॅलेच्या पुढच्या दातेरी चाकात बगळ्याची आकृती असते. बी.एस.ए. ही मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा. आणि रज कंपनीच्या दातेरी चाकात चक्क पंजा! त्या पंजाचा संबंध आयर्लंडमधील अल्स्टर प्रांताच्या चिन्हाशी आहे. परंतु मोहरमचे पंजे पाहत वाढलेल्या माणसाला तो पाहून वेगळेच काही आठवले तर नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधने आली आणि सायकली इथेच बनू लागल्या. १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिने हर्क्युलिस गाडी इथे बनवली. १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो सायकल्स अशी ही रांग आहे. या सर्वांनी जी उंच, काळी, रॉड ब्रेकची, चेनकव्हरची गाडी बनवली तिचा साचा इंग्रजीच होता. इंग्लंडमध्ये ही गाडी रस्त्यावरून जवळजवळ गेली, आपल्याकडे ती शेताच्या बांधावर टिकून राहिली. म्हणूनच अठ्ठावीस इंची चाकाचा दीड इंची टायर आपल्याकडच्या तालुक्याच्या दुकानात सहज मिळू शकतो. इंग्रजी गाडी उभी करणाऱ्या भारतीय माणसाला हा मोठाच फायदा आहे.

फरक एका गोष्टीत होता. आपल्याकडची बहुतेक गाडी साध्या फ्रीव्हीलची, म्हणजे एकाच वेगाची. इंग्लंडमध्ये मात्र जरा जास्त पैसे देणाऱ्याला मागच्या चाकात तीन गिअरचे हब मिळत असे. त्यावर नाव असे स्टर्मी-आर्चर.

हबच्या पोटात

या हबची रचना समजली की त्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. बाहेरून पाहिले तर मागच्या चाकाच्या मधोमध एक जाडसर गोल डबा दिसतो. आसाच्या उजव्या टोकातून बारीक साखळी बाहेर येते. ती एका तारेने हँडलवरच्या खटक्याला जोडलेली असते. एवढेच. उघडे दाते नाहीत, चिखल लागेल असे काही नाही.

आत आसावर वीस दात्यांचे एक स्थिर चक्र असते. त्याभोवती वीस-वीस दात्यांची चार लहान चक्रे फिरतात. या सर्वांना कवेत घेणारे साठ दात्यांचे एक कडे असते, ज्याचे दाते आतल्या बाजूला असतात. जसे सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी ही मांडणी. लहान चक्रे ज्या चौकटीत बसवलेली असतात तिला चेनने फिरवले आणि कड्याकडून चाकाला गती दिली, तर चौकटीच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या चार फेऱ्या होतात. हा तिसरा, म्हणजे वेगाचा गिअर. उलट कडे फिरवले आणि चौकटीकडून गती घेतली, तर चार फेऱ्यांत चाक तीनच वेळा फिरते. हा पहिला, म्हणजे चढाचा गिअर. दुसऱ्या गिअरात जेवढे चेनचे चाक फिरेल तेवढेच मागचे चाक फिरते. सारा हिशेब तीन आणि चारचा आहे.

तार सैल सोडली की आतली स्प्रिंग हबला तिसऱ्या गिअरात ढकलते. म्हणून तार तुटली तर गाडी सर्वांत जड गिअरात अडकते आणि चढावर जीव काढते. तार नीट ताणलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा अशी येते की पॅडल मोकळेच फिरते आणि उभा राहून पॅडल मारणारा माणूस दांडीवर आदळतो. यावर उपाय सोपा आहे. खटका दुसऱ्या गिअरवर ठेवायचा, उजव्या नटाच्या भोकातून पाहायचे आणि साखळीच्या सळईचा खांदा आसाच्या टोकाशी अगदी समपातळीत येईपर्यंत तार कमी-जास्त करायची. हबमध्ये घट्ट ग्रीस भरू नये. आतले बारीक कुत्रे त्यात चिकटतात आणि गिअर पकडत नाहीत. हबच्या अंगावर तेलासाठी झाकणीचे भोक असते. त्यातून अधूनमधून पातळ तेलाचे काही थेंब सोडावेत. ज्या हबला तेल मिळाले ते पन्नास-साठ वर्षांनंतरही टिक टिक करीत चालते.

ज्याचे नाव हबवर नाही

आता या हबवरच्या नावाची गोष्ट. हेन्री स्टर्मी हे सायकलींवर लिहिणारे, सायकलींचे नियतकालिक चालवणारे प्रसिद्ध पत्रकार होते. जेम्स आर्चर हे कारागीर. १९०२ साली तीन गिअरच्या हबची पेटंटे घेतली गेली आणि रॅलेच्या बाऊडेन यांनी त्यात पैसे घातले. जगभर नाव झाले ते स्टर्मी-आर्चर.

परंतु सायकलींच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात की या हबच्या रचनेमागे विल्यम रायली नावाचा माणूस होता. त्याने आधीच दोन गिअरचे हब तयार केले होते. ते बनवणाऱ्या कंपनीशी त्याचा करार असा होता की त्याच्या पुढच्या शोधांवरही त्याचा हक्क उरत नव्हता. म्हणून त्याच्या तीन गिअरच्या हबचे पेटंट त्याचा सहकारी आर्चर याच्या नावाने घेतले गेले. पुढे लक्षावधी हब जगभर गेले आणि प्रत्येकावर आर्चरचे नाव कोरले गेले. रायलीचे नाव एकाही हबवर आले नाही.

ही गोष्ट जुन्नरच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. जुन्नरच्या मुसलमान कागदी कुटुंबांनी बनवलेला जुन्नरी कागद मराठेशाहीच्या कारभारात नावाजलेला होता. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही जुन्नरच्या या धंद्याची नोंद आहे. पुण्यातला कागदीपुरा याच कारागिरांच्या आठवणी सांगतो. चिंध्या आणि गोणपाट कुटून, लगदा करून, जाळीवर उचलून, वाळवून, घोटून केलेल्या त्या कागदावर राजांची आणि सरदारांची नावे लिहिली गेली. कागद घोटणाऱ्याचे नाव त्यावर कुठून असणार? दप्तरात ज्यांची नावे आहेत त्यांचा इतिहास झाला. दप्तर ज्यांनी घडवले ते त्या इतिहासाच्या बाहेर राहिले. कागदी आणि सायकल मिस्त्री यांचे धंदे वेगळे, काळही वेगळा. पण नशीब मात्र एकच.

मिस्त्रीची शाळा

तालुक्याच्या गावातले सायकलचे दुकान म्हणजे दहा बाय दहाची जागा. बाहेर टांगलेले जुने टायर, पाण्याने भरलेले घमेले, हवेचा उभा पंप. आत तेलाने काळी झालेली फळी आणि तिच्यावर पाने, पक्कड, पेचकस, कानस. बाजूला भाड्याच्या सायकली, तासाच्या हिशेबाने. नाव आणि वेळ लिहिलेली वही. ज्या पोरांच्या घरी सायकल नव्हती ती याच भाड्याच्या गाडीवर दांडीखालून पाय घालून चालवायला शिकली.

या दुकानाची भाषाही ऐकण्यासारखी असते. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला. उस्ताद आणि शागीर्द फारसीतले, पेचकसही तिथलाच. पंक्चर, हब, रिम, कॉटर इंग्रजी. चिमटा, वाटी, दांडी, तारा आपल्या मराठीतल्या. चार मुलुखांचे शब्द एका फळीवर गुण्यागोविंदाने नांदतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

शागीर्द आधी पंक्चर काढायला शिकतो, मग ओव्हरहॉलिंग, आणि शेवटी चाकाचा आऊट काढायला. आऊट काढणे ही खरी परीक्षा. फिरत्या रिमच्या कडेशी बोट धरून कुठे चाक लचकते ते ओळखायचे आणि कुठली तार आवळायची, कुठली सैल करायची ते ठरवायचे. याचे पुस्तक नाही. ते बोटांत असते. शाळा सोडलेल्या पोराला हे शिक्षण बिनफीचे मिळत असे, तेही पोटापुरते कमावत.

आपल्या समाजात अशी दुकाने मोठ्या संख्येने का होती, याचे उत्तर अवघड नाही. जमीन नाही, नोकरीत शिरकाव कमी, हातात थोडे भांडवल. अशा माणसाला स्वतःचा छोटा धंदा हाच मार्ग उरतो. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवून दिले. मोहल्ल्यातल्या फळीवर जे दिसत होते तेच अहवालात आकड्यांनी मांडले गेले.

या मिस्त्रींनी केलेले काम म्हणजे केवळ दुरुस्ती नव्हती. इंग्लंडचा सुटा भाग मिळेनासा झाला की त्याच्या जागी लुधियान्याचा बसवायचा. तो बसत नसेल तर कानशीने बसता करायचा. चेनकव्हर फाटले की पत्र्याचा तुकडा जोडायचा. कॅरिअरवर दोन किटल्या बसाव्यात म्हणून लोखंडी पट्ट्या वाढवायच्या. परदेशी गाडी अशा रीतीने हळूहळू इथली झाली.

गाडी पुन्हा उभी करताना

म्हणूनच जुनी गाडी हाती आली की पहिले काम पाना उचलण्याचे नाही, पाहण्याचे आहे. हबवर बारीक अंक असतात. ए.डब्ल्यू. या अक्षरांजवळ ५२ आणि ३ असे अंक दिसले तर ते हब मार्च १९५२ चे. पण त्यावरून गाडीही १९५२ ची आहे असे लगेच ठरवू नये. चाक नंतर बदललेले असू शकते. चौकटीवरचा क्रमांक, बिल्ला, दातेरी चाकाची आकृती, चिमट्याची घडण हे सारे एकमेकांशी जुळवून पाहावे लागते. जे जुळत नाही तिथेच कुठल्या तरी मिस्त्रीचा हात लागलेला असतो.

त्यानंतर काम सुरू करावे ते सावकाशीने. गंज लागलेल्या नटावर जोर करू नये. तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे. पॅडलच्या दांड्याचा कॉटर काढताना खाली भक्कम टेकू द्यावा. नाहीतर हातोडीचा प्रत्येक घाव आतल्या छर्‍यांवर आणि वाटीवर बसतो. रॅलेची एक अडचण मुद्दाम लक्षात ठेवावी. तिच्या मधल्या वाटीचे आटे एका इंचात सव्वीस असतात, इतर बहुतेक कंपन्यांचे चोवीस. नवी वाटी सुरुवातीला बसल्यासारखी वाटते, पण जोर केला की चौकटीचे आटे जातात आणि ते पुन्हा येत नाहीत. जुनी वाटी धुऊन, छर्रे तेवढे नवे घालून गाडी पुष्कळदा छान चालते.

चौकटीच्या नळ्या पितळेने झाळून जोडलेल्या असतात. तिथे तडा गेला तर विजेच्या वेल्डिंगपेक्षा पितळेचाच डाग द्यावा. चामड्याची सीट सुकून कडक झाली असेल तर तिला थोडे तेल चोळून हळूहळू मऊ करावे, पाण्यात भिजवू नये. क्रोमवरचा गंज डिझेल आणि मऊ पितळी तारेने निघतो. काच कागदाने क्रोम जाते आणि गंज परत येतो.

सर्वांत मोठा मोह रंगाचा. काळा चकचकीत रंग मारला की गाडी नवी दिसते. पण त्याखाली सोनेरी रेघा जातात, कंपनीचे छाप जातात, दुकानदाराचे नाव जाते, दांडीवर वर्षानुवर्षे हात आणि पाय घासून पडलेली झीज जाते. कॅरिअरला जोडलेल्या पट्ट्या कारखान्याच्या नव्हेत म्हणून कापून टाकल्या जातात. अशी गाडी दुकानातून आत्ताच निघाल्यासारखी दिसते, पण इथल्या रस्त्यांवर तिने काढलेली वर्षे तिच्यातून पुसली जातात. गंज थांबवावा, चाल दुरुस्त करावी आणि बाकी शक्य तेवढे आहे तसे राहू द्यावे, हे धोरण अधिक शहाणपणाचे आहे. काही बदलावेच लागले तर काढलेला भाग एका पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवावा.

वेळ थोडा आहे

नॉटिंगहॅममध्ये आता रॅले बनत नाही. तिथली जुळणीही २००२ मध्ये थांबली. स्टर्मी-आर्चरचा व्यवसाय २००० साली तैवानच्या सनरेस कंपनीने घेतला. त्याच तत्त्वावरचे तीन गिअरचे हब आजही तिथून बाजारात येतात. म्हणजे यंत्राची काळजी करण्याचे तितके कारण नाही. त्याचे नकाशे आहेत, पुस्तके आहेत, सुटे भाग आहेत. रायलीचे नावसुद्धा अभ्यासकांनी कागदपत्रे चाळून शोधून काढले, कारण तिथे कागदपत्रे होती.

आपल्या मिस्त्रींची कागदपत्रे नाहीत. मोटारसायकल आली तशी अनेकांनी सायकलीची फळी आवरून गॅरेज टाकले. मुले मोबाईलच्या दुकानात किंवा नोकरीत गेली. तीन गिअरचे हब उघडून पुन्हा जोडता येणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. तिच्याबरोबर हातातले ज्ञान जाईल आणि कुठल्या वर्षी कोणाच्या गाड्या आल्या, कोणी कोणाला शिकवले, ही माहितीही जाईल. घरातले जुने भाडेपुस्तक रद्दीत जाते, नगरपालिकेचा सायकलचा पत्र्याचा बिल्ला भंगारात जातो आणि गाडी किलोच्या भावाने विकली जाते.

हे थांबवण्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही. जुन्नर, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर या गावांतल्या शिकलेल्या तरुणांनी आपापल्या मोहल्ल्यातील वयस्कर मिस्त्रींकडे बसावे. त्यांचा उस्ताद कोण, दुकान कधी सुरू झाले, कोणती हत्यारे त्यांनी स्वतः घडवली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. हत्यारांची छायाचित्रे काढावीत. जुनी वही, पावती, बिल्ला सापडला तर जपावा. आणि कोणी एखादी जुनी इंग्रजी गाडी पुन्हा उभी केली, तर तिच्या पाटीवर कंपनीचे नाव आणि सालाबरोबर ती चालवणाऱ्या घराचे आणि ती चालती ठेवणाऱ्या मिस्त्रीचे नावही, त्यांची परवानगी घेऊन, लिहावे. जुन्नरी कागद बनवणाऱ्यांची नावे आज शोधू म्हटले तरी सापडणार नाहीत. सायकल मिस्त्रींची नावे मात्र अजून विचारली तर मिळतील.